भागा सुईणीची डबी

१० नोव्हेंबर, रविवार

मंडळाची बैठक. दोन तास. चहा गार, चर्चा त्याहून गार. अध्यक्ष नाना मुळावकर. (इथून पुढे नुसता ना. लिहीन. पूर्ण नावावर शाई कोण घालवेल.)

विषय: जबलपुरात आलेल्या पहिल्या मराठी माणसांची आठवण राहावी म्हणून काहीतरी करणे. आमचं 'काहीतरी' म्हणजे सत्कार आणि भोजन. या वेळी केतकी नावाची मुलगी उठली. पुण्याची, बँकेत बदली होऊन सहा महिन्यांपूर्वी आलेली. म्हणाली, आपण डब्या लपवू. लोक मोबाइलवर अक्षांश-रेखांश बघत येतील, डबी शोधतील, आतली चिठ्ठी वाचतील, वहीत सही करतील, डबी परत तिथेच ठेवतील. जगभर हा खेळ खेळतात म्हणे. जिओकॅशिंग.

ना. ला 'जगभर' हा शब्द आवडला. लगेच मंजूर. नावही त्यानंच ठेवलं: आद्य मराठी घराणी शोधयात्रा. मग माझ्याकडे वळून, "अलकाताई, तुम्ही भूगोल शिकवायच्या ना? आता तर रिकाम्याच असता."

रिकामी! तीस वर्षं मुलींना नकाशे शिकवले. निवृत्त झाले म्हणजे मी काय पाटावरची रिकामी वाटी?

हो म्हणाले. रागातच म्हणाले. पण अक्षांश-रेखांश ऐकून आत काही हललं, तेही खरं.


१३ नोव्हेंबर

केतकी घरी आली. तिच्या पर्समध्ये एक नमुन्याची डबी: घट्ट झाकणाची, पाणी न शिरणारी, आत छोटी वही, पेन्सिलीचा तुकडा. माझ्याच बागेत लपवून मला शोधायला लावली. मोबाइल म्हणे तीन मीटरवर, मी गोल गोल फिरून राहिले, आणि डबी जास्वंदीच्या कुंडीमागे. सापडल्यावर मी टाळी वाजवली. मी!

नऊ डब्या ठरल्या. चिठ्ठ्या मी लिहायच्या, मोबाइलवरचं पान केतकी करणार. हुशार आहे. फक्त 'काहून' ऐकलं की हसते. "तुमचं मराठी किती गोड आहे हो." गोड म्हणजे काय? आम्ही काय मराठीची जिलेबी करतो इथं? सोडलं. काम चांगलं करते.


२१ नोव्हेंबर

बाबांची वही काढली. बाबा पोस्टात होते. रविवारी सायकल काढून जुन्या मराठी कुटुंबांकडे जायचे, हकिकती लिहून आणायचे. कोण भोसल्यांच्या पदरी आलं, कोण मागाहून, कोणाच्या घरी कोणता देव. मुळावकरांबद्दल एकच ओळ: "मागाहून आले. घोड्यांचा दाणागोटा पुरवीत." ना. सगळ्यांना शिलेदार सांगत फिरतो. हसू आलं.

आणि मग हे पान. कधी नीट वाचलंच नव्हतं. "भागा सुईण. पहिल्या तांड्याबरोबर नागपूरहून चालत आली. वाटेत दोन बाळंतपणे केली. अधारतालच्या तळ्याच्या उत्तर काठाला झोपडी. येथे जन्मलेली पहिली मराठी मुले हिच्या हातात आली." नावापुढे कंस, कंसात जात.

उघडी वही टेबलावर होती, तेवढ्यात मीना डबा घेऊन आली. उजवं मनगट मोडलं तेव्हापासून लिहिता येतं पण पातेलं उचलवत नाही, म्हणून माझं दोन वेळचं जेवण तिच्याकडूनच. मीना पवार, माझीच विद्यार्थिनी, आठवी 'ब', नकाशात नर्मदा उलटी वाहवायची. आज अधारतालला तिचं स्वयंपाकघर, चार बायका हाताखाली, रिछाईच्या कारखान्यांत डबे जातात, आणि जुन्या मराठी घरांचे सणवार तर तिच्याशिवाय होतच नाहीत. नुसतं वाकून बघितलं तिनं वहीत आणि डबा हातातच राहिला.

"भागा? आमची भागामाय?"

मग बसली. कधी बसत नाही. म्हणाली, "आमच्यात बाळ झालं की पहिलं पाणी भागामायच्या नावानं सोडतात. आई सांगायची, आपली भागामाय नागपूरहून पैदल आली, रस्त्यात दुसऱ्यांची लेकरं झेलत. मला वाटे, कहानी आहे."

"कहाणी नाही, मीना. बघ, लिहिलेलं आहे."

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. मराठी वाचायला तिला वेळ लागतो. कंसापर्यंत पोचली की नाही, माहीत नाही. मी विचारलं, "हे डबीत लिहू का?"

"लिहा ना दीदी. अच्छा है. माझी पोरगी पण वाचेल."

नऊपैकी पाचवी डबी भागाची. ठरलं.


१ डिसेंबर, रविवार

डोकं अजून तापलेलं आहे. बैठकीत यादी वाचली. पाचव्या नावावर ना. चा चष्मा खाली आला.

"सुईण? अलकाताई, यात्रा घराण्यांची आहे. सुईण म्हणजे घराणं नव्हे."

मी म्हटलं, "नाना, तुमचं घराणं बाहेर कोणी काढलं होतं?"

दोन-तीन जण हसले. ना. नाही. म्हणाला, तिच्याऐवजी मुळावकरांची डबी ठेवू, तेवढीच एक जागा सत्कारणी लागेल. सत्कारणी! चालत आलेली, वाटेत बाळंतपणं करणारी बाई सत्कारणी नाही, आणि दाणेवाला…

"भागा नसेल तर बाकी आठ चिठ्ठ्याही मी लिहिणार नाही," म्हणाले आणि उठले. केतकीही उठली. शाबास पोरी. मग "अहो बसा, बसा" सुरू झालं. ना. म्हणाला, चलो, राहू द्या, तुमची हौस.

हौस म्हणाला. राहू द्या, दिली भीक, असा चेहरा.

जिंकून आले, पण घरी येईपर्यंत दात आवळलेलेच होते.


३ डिसेंबर

पाचवी चिठ्ठी लिहिली. एका बैठकीत, न थांबता. बाबांचं पान जसंच्या तसं उतरवलं, कंसासकट. कागदपत्र म्हणजे कागदपत्र, काटछाट नाही. ना. सारख्यांना झाकपाक लागते, मला नाही. आणि शेवटी माझं एक वाक्य: "भागाच्या वंशज सौ. मीना पवार आजही अधारतालला राहतात, आणि अर्धं जुनं मराठी जबलपूर त्यांच्याच हातचं जेवतं."

हे वाक्य लिहून फार बरं वाटलं. ना. वाचेल तेव्हाचा त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणला.

केतकीला पाठवली. तिचा फोन, "ताई, मीनाताईंना दाखवली का एकदा?"

"विचारलंय मी तिला," म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. तिनं पुढे काही काढलं नाही.


८ डिसेंबर

सकाळी थंडी, तळ्यावर धूर उभा राहावा तसं धुकं. उत्तर काठावर एक जुना बांध आहे, त्यातल्या दगडांच्या फटीत डबी बसवली. केतकीनं मोबाइलवर तीन वेळा जागा मोजली, मी मनात एकदा. तेवीस अंश उत्तर आणि थोडं पुढे. भागा इथं राहत होती. मी उभी होते तिथं. पायांनी तर तसंच वाटलं.


१५ डिसेंबर, रविवार

उद्घाटन. ना. नं फीत कापली. (डब्या लपवायच्या खेळात फीत कशाला, कोण विचारणार.) पण लोक आले. पोरं, आजोबा, सुना, मोबाइल समोर धरून गल्ल्यांतून निघाले. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना आजी-आजोबा वाचून दाखवून राहिले होते. मला वाटलं नव्हतं इतकं होईल.

अधारतालला लीलाताईंसाठी खुर्ची नेली. मंडळातल्या सगळ्यांत वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. भागाची चिठ्ठी त्यांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. कंस आला तिथं आवाज जरा थांबला, मग पुढे वाचलं. वाचून झाल्यावर डोळे पुसले. "आमच्याही घरात हिनंच बाळंतपणं केली असतील गं."

मीना नव्हती. रविवारी तिला ऑर्डरी असतात. मला वाटलं, बरंच, संध्याकाळी मी सांगेन सगळं. सांगितलं तेव्हा तिनं नुसतं "अच्छा" म्हटलं, घाईत होती.


१९ डिसेंबर

केतकीनं पानावरच्या नोंदी दाखवल्या. पाचव्या डबीवर सगळ्यांत जास्त. एक हिंदीत आहे: "कुंडम से आई हूँ. मेरी नानी भी दाई थीं. किसी ने पहली बार ऐसी औरत का नाम लिखा. धन्यवाद." दोनदा वाचली. उतरवून ठेवली.


२३ डिसेंबर

पाचव्या डबीवर नवी नोंद. नाव खोटं, पण भाषा आपलीच. "माहिती उपयुक्त. म्हणजे आमच्या देवघरासमोरचा नैवेद्य इतकी वर्षं हिच्या घरून येत होता! आधी कळलं असतं तर बरं झालं असतं."

खाली अकरा जणांचे अंगठे.

 केतकीला म्हटलं, काढ ती. तिनं काढली. म्हणाली, "ताई, पण पानाचे फोटो फिरून राहिले आहेत." माझं 'फिरून राहिले' तिच्या तोंडून. या क्षणी नको होतं ऐकायला.


२६ डिसेंबर

काल डबा आला नाही. आज आला नाही. मीनाचा फोन लागतो, उचलत नाही.

दुपारी केतकी आली, उभीच राहिली. मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू, गुळाच्या पोळ्या दर वर्षी मीनाच्या. या वर्षी ना. नं परस्पर रद्द केल्या, दुसरीकडे सांगितल्या. आणखी सात-आठ घरांनी तिला घरी येऊ नका म्हणून कळवलं. कोणी सरळ बोललं नाही. कोणाचे पाहुणे जाणार आहेत, कोणाचं पथ्य सुरू झालं, कोणी सून आता घरीच करते म्हणते. एकाच आठवड्यात सगळ्यांच्या सुना सुगरण झाल्या!

"कोण कोण?" विचारलं. तिनं नावं सांगितली. माझ्या ओळखीची सगळी. कोणाच्या मुलींना शिकवलं, कोणाच्या मुंजीत जेवले.

लीलाताईसुद्धा.

ज्या बाईनं खुर्चीत बसून डोळे पुसले ती. लीलाताईसुद्धा.


२७ डिसेंबर

ना. च्या घरी गेले. अंगणात उन्हात बसून मटार सोलत होता. "या या अलकाताई."

बसले नाही. विचारलं, "मीनाच्या पोळ्या काहून रद्द केल्या?"

"अहो, तसं काही नाही. आपण कुठं जात मानतो? मी तर वर्षानुवर्षं तिच्या हातचं जेवलोय."

"मग या वर्षी?"

"हळदीकुंकवाचं काम. वयस्कर बायका असतात. कोणाच्या मनात किंतु नको."

"कोणाच्या? नावं सांगा."

"नावं कशाला." एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले, मग वर पाहिलं. अगदी शांत. "आणि एक सांगू? मला तर माहीतच नव्हतं. कोणालाच नव्हतं. तुम्ही सांगितलंत."

 बाईंना, ज्यांनी तीस वर्षं वर्ग गप्प केले, त्यांना एका मटार सोलणाऱ्या माणसानं गप्प केलं. फाटक आपटून निघाले. रस्त्यावर ऑटोवाला विचारतो, "कहाँ जाना है दीदी?" त्याच्यावरच ओरडले. त्याचा काय दोष.


२८ डिसेंबर

अधारतालला मीनाकडे. दार उघडं. ओट्यावर मोठी पातेली पालथी, पुसून ठेवलेली. चारपैकी दोनच बायका आत, रिछाईचे डबे भरत. ते चालू आहेत. तिथं लोकांना दुपारी भूक लागते, मराठी चिठ्ठ्या ते वाचत नाहीत.

मीना बाहेर आली. "दीदी, आज चहा नाही विचारणार."

मी म्हटलं, मीना, मला माफ… पूर्ण करू दिलं नाही.

"तुम्ही मला काय विचारलं होतं?"

"लिहू का, म्हणून विचारलं होतं. तू हो म्हणालीस."

"भागामायचं विचारलं होतं. माझं नाव विचारलं? जात विचारली?"

"तू पान बघितलं होतंस…"

"मी मराठी किती वाचते तुम्हाला माहीत नाही? मराठीतल्या भूगोलात नापास कोणी केलं होतं?" हसली. ते हसू बघवलं नाही. "शाळेत तुम्ही विचारायच्या, समजलं का? आम्ही सगळ्या हो म्हणायचो. समजलं नसलं तरी. दीदींना नाही कोण म्हणतं?"

मी पालथ्या पातेल्यांकडे बघितलं.

"मी काही लपवून नव्हती ठेवली. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. घर की बात है. कोणाला, कधी, ते मी ठरवणार होती. पोरीला तर मी स्वतः सांगणार होती, बारावी झाल्यावर, आरामात बसून, भागामायपासून सगळं. तिला कोचिंगमधल्या मैत्रिणीनं मोबाइलवर दाखवलं. घरी येऊन मला विचारते, मम्मी, ये हम हैं?"

माझ्या तोंडून निघालं, "मी ना. ला सोडणार नाही. सगळ्यांसमोर भांडेन, तुझ्यासाठी मी…"

"नको!" आतल्या बायका थांबल्या. "तुम्ही माझ्यासाठी भांडल्या, त्यातूनच हे झालं. आता माझ्यासाठी बोलायचं नाही. माझं नाव घ्यायचं नाही. कुठंच."

आत गेली. मी पायरी उतरले. मनगटात कळ होती, ती घरी आल्यावर कळली.


२९ डिसेंबर, रविवार

केतकीनं पाचव्या डबीचं पान काढून टाकलं. दोघी तळ्यावर गेलो, डबी मी काढली. चिठ्ठी तिथंच फाडली, तुकडे खिशात घातले. तळ्यात टाकावे असंही वाटलं नाही.

केतकी म्हणाली, "ताई, चूक माझीपण आहे. पान मी चढवलं."

"तू विचारलं होतंस मला," म्हटलं. "मी तुझ्यावर ओरडले."

तिनं नुसती रिकामी डबी पर्समध्ये ठेवली. बरं केलं. खोटं समाधान केलं असतं तर तिच्याशीही भांडले असते.


३ जानेवारी

दहा दिवस खिचडी. डाव्या हातानं. आज करपली. करपलेलीच खाल्ली.

बाबांची वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. शंभरावर नावं. कारकून, शिलेदार, पुजारी, आचारी, दाणेवाले. कोणाच्याच नावापुढे कंस नाही. फक्त भागाच्या.

इतक्या वेळा पान उघडलं, उतरवून काढलं, आणि हे दिसलं नाही. मी 'कागदपत्र' म्हणून मिरवत होते. बाबांवर राग आला, त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी. मग वाटलं, कंस बाबांनी एका वहीत घातला. तो गावभर वाटला मी.

आणि ते वाक्य. अर्धं जुनं मराठी जबलपूर त्यांच्याच हातचं जेवतं. ते मीनासाठी नव्हतंच. ते ना. च्या थोबाडीत मारायला होतं. मीनाचा हात वापरला मी त्यासाठी.


६ जानेवारी

मंडळाचं निमंत्रण. रविवारी सभा: शोधयात्रेचा आढावा, "सौ. केतकी व श्रीमती अलकाताई यांचा सत्कार". केतकीचं लग्नही झालेलं नाही. ना. ला प्रत्येक बाई कोणाची तरी लागते.

पहिल्यांदा वाटलं, जाऊच नये. मग चार पानं भाषण लिहिलं. वाचलं. पानोपानी मीना. मीनाचे कष्ट, मीनाचा अपमान, मीनाची मुलगी. माझं नाव घ्यायचं नाही, कुठंच, असं ती म्हणाली होती, आणि मी चार पानं… बंबात घातलं. अंघोळीचं पाणी तापलं. तेवढा तरी उपयोग.


१० जानेवारी

भाजीवाल्याकडे लीलाताई भेटल्या. "अगं अलका, दिसली नाहीस." मी नुसतं बघितलं. त्या गाजरं चाचपत राहिल्या. मग हळूच, "मी आपलं सुनेच्या मनाविरुद्ध… घरात शांतता हवी ना गं."

"लीलाताई," म्हटलं, "तुमच्या घरात शांतता आहे का?"

गाजरं न घेताच गेल्या.


१२ जानेवारी, रविवार

सभा झाली. लगेच लिहून ठेवते, नाहीतर उद्या सगळं शहाणपणाचं वाटायला लागेल.

हॉल भरलेला. ना. चं प्रास्ताविक. आठ डब्यांची यादी वाचली. आठ! चारवरून थेट सहावर गेला, पायरी चुकल्यासारखा, आणि कोणीही विचारलं नाही मधली कुठं गेली. दोनशे डोळे. एकानंही नाही.

मग सत्कार. शाल पुढे केली. मी माइक घेतला. 

तीनच वाक्यं बोलले. जशी आठवतात तशी: "पाचवी डबी मी काढली. त्या चिठ्ठीत एका जिवंत बाईचं नाव आणि जात तिला न विचारता मी लिहिली, ते पाप माझं. पण ते वाचून घरातलं जेवण ज्यांनी बंद केलं ते तुम्ही, आणि ते पाप माझ्या शालीत गुंडाळून मिळणार नाही."

मीनाचं नाव घेतलं नाही. भागाचंही नाही.

शाल टेबलावर ठेवली. मंडळाचा राजीनामा ना. च्या हातात. तो म्हणाला, "ताई, भावनेच्या भरात…" मी म्हटलं, "भावना नाही नाना, राग आहे. नीट वाचा." केतकीनंही शाल घेतली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, इतकं काय झालं बावा. कोणीतरी टाळीही वाजवली, एकच, मग थांबली. मला दोघांचाही सारखाच संताप आला.

बाहेर पायऱ्यांवर लीलाताई मागून आल्या, धापा टाकत. माझी बाही धरली.

"अलका, मीनाला सांग ना, माझ्या पोळ्या तिच्याकडूनच. तू सांगितलंस तर ऐकेल ती."

"मी नाही सांगणार."

"अगं पण…"

"लीलाताई, निरोप धाडून बंद केलंत. सुरू करायलाही निरोपच? तिचं घर अधारतालला आहे. तुम्ही खुर्चीत बसून चिठ्ठी वाचलीत त्या तळ्यापासून तिसरी गल्ली. ज्याला हवं त्यानं स्वतः तिच्या दारात जावं."

"या वयात? सुनेला कळलं तर?"

"मग नका जाऊ."

बाही सोडवून घेतली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातातून. वाईट वाटलं का? नाही. मूठ मात्र घरी येईपर्यंत वळलेलीच होती.


१३ जानेवारी

सकाळी साडेदहाला फोन. मीनाचा. अठ्ठावीस तारखेनंतर पहिल्यांदा.

"लीलाताईंना तुम्ही पाठवलं?"

खरं सांगितलं. पाठवलं नाही, ज्याला हवं त्यानं तुझ्या दारात जावं, एवढं म्हणाले. तुझं नाव सभेत घेतलं नाही, पण त्यांच्याशी बोलताना घर कुठं ते सांगितलं.

 मागे कुकरची शिट्टी, बायकांचे आवाज, झाकणं लावल्याचे खटके.

"आल्या आहेत," म्हणाली. "एकट्या. ऑटोनं. नऊ वाजल्यापासून बाहेर ओट्यावर बसून राहिल्या आहेत. म्हणतात, मीना, मला आत बोलाव, तुझ्याकडचा चहा पिते."

"मग?"

"मी दार उघडलं नाही अजून."

बाहेर थंडी आहे, एवढंच माझ्या मनात आलं. ते बोलले नाही. तिचं दार, तिचा ओटा.

"पोरगी खिडकीतून बघून राहिली," मीना म्हणाली. "मला विचारते, मम्मी, ये कौन हैं."

"काय सांगितलंस?"

"अजून काही नाही." मग आत कोणाला तरी ओरडली, भाजी लागेल बघ. परत फोनवर आली. आवाज अगदी सपाट. "मला रिछाईचे डबे भरायचे आहेत. तोवर बसू दे त्यांना."

काय करू, असं तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. फोन तिनंच ठेवला.